तेरवीच्या दिवशी दिलेला सल्ला

विद्यापीठाच्या विधी कक्षात काम करते म्हटलं की लोकांना वाटतं, मी काळा कोट घालून फिरत असेन. माझ्या सासूबाईंना तर कित्येक दिवस मी वकीलच वाटत होते. गल्लीत नळावरून भांडण झालं तरी त्या मला पुढं करायच्या. मी प्रशासकीय सहायक आहे. कागद घेते, कागद देते, टाइप करते, साहेबांच्या सह्या घेते आणि विद्यापीठाविरुद्ध दाद मागणाऱ्या माणसांना ‘पुढच्या आठवड्यात या’ असं सांगते. हे शेवटचं काम सगळ्यात जास्त असतं.

आमच्या कामाची रीत साधी आहे. कुणी तक्रार केली, कोर्टात गेला, की त्याच्या कागदातल्या एकेका परिच्छेदाला आम्ही एकेक उत्तर देतो. अर्जदार म्हणतो, मी इथं इतकी वर्षं नोकरी केली. आम्ही लिहितो, हा अभिलेखाचा भाग आहे, म्हणजे दप्तरी नोंद आहे तेवढं मान्य. अर्जदार म्हणतो, माझ्यावर अन्याय झाला. आम्ही लिहितो, नाकबूल. माझ्या बोटांना त्याची इतकी सवय झाली आहे की घरी मुलानं भाजी खारट झाली म्हटलं तरी ‘नाकबूल’च तोंडात येतं. पूर्वी मी हे सगळ्यांना हसत सांगायचे. आता सांगताना हसू येत नाही, आणि का येत नाही तेच लिहायला बसले आहे.

आमच्याकडे देव एकच, मुदत. उत्तर दाखल करायची मुदत, अपिलाची मुदत, नोटिशीची मुदत. आमचे विधी अधिकारी, ज्यांना आम्ही नुसतं साहेब म्हणतो, ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगतात की बाजू चुकली तर सावरून घेता येतं, पण मुदत चुकली तर ब्रह्मदेवाचा बापही काही करू शकत नाही. साहेब घाटाखालचे, म्हणजे बुलडाण्याचा घाट उतरल्यावर लागणाऱ्या भागातले. मीही मोताळ्याकडची, म्हणजे घाटाखालचीच, त्यामुळे बुलडाण्याला आल्यावर त्यांनी मला जरा सांभाळूनच घेतलं. माणूस वाईट नाही असं सगळे म्हणतात. कुणाच्या मुलाचं लग्न असो, कुणाच्या घरचं दुःख असो, साहेब हजर. हे मी मुद्दाम आधी सांगते आहे, कारण ते खरोखर वाईट असते तर माझा राग एव्हाना उतरला असता.

मुदत सांभाळायची साहेबांनी आणि तिच्यासाठी धावायचं आमच्या शिपायानं, अशी वाटणी होती. तो धाड गावचा. रोज सकाळच्या एसटीनं यायचा; एसटी चुकली तर जीपमध्ये कोंबून घेऊन यायचा. नागपूरच्या खंडपीठात कागद पोचवायचे असले की दुसऱ्या कुणाचं नाव निघतच नसे. पिशवी मांडीवर घेऊन बसायचा, सीटखाली ठेवायचा नाही. एकदा वाटेत बस बंद पडली तर ट्रकला हात दाखवून पुढं गेला आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी वकिलाच्या हातात कागद ठेवून फोन केला, ‘ताई, साहेबाले सांगा, पोचले.’ स्वतः जेवलास का विचारलं तर म्हणाला, आता जेवतो. साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, हा आहे म्हणून आपली अब्रू आहे.

तो एका रविवारी शेतात गेला असताना गेला. छातीत कळ आली, बांधावर बसला आणि तिथंच कलंडला. धाडहून बुलडाण्याला आणेपर्यंत काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही ओळीनं उभं राहून श्रद्धांजली वाहिली, कक्ष अर्धा दिवस बंद ठेवला. त्याच्या खुर्चीवर कुणी बसेना.

तेरवीला आम्ही विद्यापीठाच्याच गाडीतून धाडला गेलो. पुढं साहेब, मागं मी आणि माझ्या शेजारच्या टेबलावरचे एक सहकारी. अंगणात मांडव होता, पुरुषांची पंगत बसली होती. मी आत बायकांत गेले आणि दाराजवळ जागा मिळाली तिथं टेकले. त्याची बायको भिंतीला लागून बसली होती. तिशी ओलांडलेली, अंगानं बारीक. तिचं माहेर मोताळ्याकडचं निघालं, तेव्हा तिनं मला लगेच ताई म्हणायला सुरुवात केली. दोन मुली तिला चिकटून होत्या. मोठी दहावीतली, धाकटी चौथी-पाचवीतली.

पंगत उठल्यावर साहेब निरोप घ्यायला दारात आले. ती उठली. पदर नीट केला आणि उशाखालून प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात आधार कार्ड, तिची दहावीची मार्कलिस्ट, दवाखान्याचा कागद, फोटो, सगळं होतं. ती म्हणाली, ‘साहेब, त्यायच्या जागी नोकरी भेटते म्हंते. त्याचा अर्ज कसा कराचा? म्या कागद जमा करून ठेवले.’

आतल्या बायकांमध्ये एकदम कुजबुज झाली. एक म्हातारी बोललीच, ‘अवं, आज तं तेरवी हाये! आजच काऊन तुले नोकरी सुचून राह्यली?’ दुसरीनं शिपायाच्या बायकोचा पदर ओढून तिला खाली बसवायचा प्रयत्न केला. बाहेर तिचा दीर मान खाली घालून उभा होता. नवऱ्याच्या पिंडावरचं पाणी वाळलं नाही आणि ही कागद घेऊन बसली, असं सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं. तिच्याही ते लक्षात आलं आणि पिशवी तिच्या हातात तशीच राहिली.

तेव्हा साहेबांनी हात जोडले. आमच्याशी ऑफिसात शुद्ध बोलणारे साहेब अगदी घरच्यासारखे बोलले. ‘वहिनी, कागद ठेवून द्या. हा दिवस कागदाचा नाई. वरीस होऊ द्या, वर्षश्राद्ध नीट करा त्याचं, मंग निवांत या हापिसात. आपलंच हापीस हाये. तुमाले कोण नाई म्हंते?’

सगळ्यांचे जीव भांड्यात पडले. म्हातारी म्हणाली, पाहाय, साहेबाले समजते, तुले समजत नाई. तिनं पिशवी परत उशाखाली सारली. येताना गाडीत सहकारी म्हणाले, साहेब, तुम्ही वेळेवर सावरलं. साहेब खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, रीत पाळावी लागते हो, माणसं आहेत शेवटी. मला तेव्हा त्यांच्याबद्दल आदरच वाटला होता.

आता यातली मेख सांगते. अनुकंपा नोकरीचा अर्ज कर्मचारी गेल्यापासून वर्षाच्या आत करायचा असतो. वर्ष उलटलं की अर्ज बाद. उशीर झाला तर समितीपुढं जाऊन सबळ कारण दाखवून माफी मागता येते, पण ते समितीच्या मर्जीवर. हे काम आस्थापना विभागाचं, आमच्या कक्षात ते येत नाही, त्यामुळे मला हा नियम ठाऊक नव्हता. साहेबांना होता. विधी अधिकारी होण्याआधी ते आस्थापना विभागात त्याच टेबलावर वर्षानुवर्षं बसले होते. किती विधवांचे अर्ज त्यांनी मुदतीत आहेत का ते पाहून पुढं पाठवले असतील आणि किती परत केले असतील, ते त्यांनाच माहीत. आणि त्यांनीच तिला वरीस होऊ द्या म्हणून सांगितलं.

वर्षात ती एकदाही आली नाही. कशी येणार? घरात सण नाही, कुणाच्या दारात जाणं नाही, आणि साहेबांनी चारचौघांत सांगितलेलं. ती आली ती वर्षश्राद्ध उरकून, पुढच्या सोमवारी; मधे अधिक महिना आल्यानं श्राद्धाची तिथीच तारखेनं वर्ष उलटल्यावर आली होती. तीच पिशवी, तोच पदर. साहेबांच्या टेबलापुढं उभी राहून म्हणाली, ‘साहेब, झालं वरीस. तुमी म्हणलं होतं तशी आली.’

साहेबांनी आनंदानं बसवलं, चहा मागवला, पिशवीतले कागद एकेक करून बघितले. मृत्यूच्या दाखल्यापाशी त्यांचा हात थांबला. मी समोरच बसले होते, मला त्यांचा चेहरा स्पष्ट दिसत होता. त्यांना त्याच क्षणी समजलं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, ‘जरा उशीर झाला वहिनी तुम्हाला.’

तुम्हाला! मी चहाचा कप खाली ठेवला. ती गोंधळून म्हणाली, ‘उशीर कसा जी? तुमीच तं वरीस म्हणलं होतं.’ साहेब म्हणाले, बघू, काही मार्ग काढू, आस्थापनेत अर्ज देऊन ठेवा. आस्थापनेनं अर्ज घेतला आणि ‘मुदतबाह्य’ असा शिक्का मारून परत पाठवला.

त्यानंतर ती येत राहिली. तिचं काय अडलं होतं ते तिनं मला जिन्यात सांगितलं. दिराच्या घरात राहते. दीर वाईट वागवत नाही, पण त्याचंही पोटापुरतंच. मोठी दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली, अकरावीला गेली, आणि आता दीर म्हणतो आहे, ‘एक स्थळ आलं हाये, अठरा झाले का लगन लावून टाकू, तोवर शाळा बस झाली.’ तिला नोकरी मिळाली तर ती बुलडाण्याला एक खोली करून दोघींना शिकवणार होती. नाही मिळाली तर मोठीची शाळा या वर्षीच सुटणार होती. इतकं सरळ होतं ते. मी हे साहेबांनाही सांगितलं. त्यांनी डोळे मिटून च् च् केलं.

शेवटी मीच तिला म्हटलं, तक्रार निवारण समितीकडे अर्ज करा, कारणात जे घडलं ते जसंच्या तसं लिहा. तिनं लिहिलं. मुलीच्या अक्षरात, साध्या ओळींत. तेरवीला साहेब घरी आले होते, मी कागद दाखवले, साहेबांनी वर्ष होऊ द्या म्हणून सांगितलं, म्हणून मी थांबले.

आता पंचाईत अशी की समितीकडे गेलेल्या प्रत्येक तक्रारीला विद्यापीठातर्फे उत्तर आमचा कक्षच देतो. म्हणजे साहेबांविरुद्धच्या कागदाला साहेबच उत्तर देणार, आणि ते टाइप करणार मी. त्यांनी हातानं लिहिलेला मसुदा माझ्या टेबलावर ठेवला. मी वाचला आणि तळपायाची आग मस्तकाला गेली.

परिच्छेद एक, पतीच्या नोकरीबाबत, अभिलेखाचा भाग आहे. परिच्छेद दोन, निधनाबाबत, अभिलेखाचा भाग आहे. परिच्छेद तीन, नाकबूल. असे कोणतेही आश्वासन देण्यात आलेले नव्हते. विद्यापीठाचा कोणताही अधिकारी शासकीय कामानिमित्त अर्जदाराच्या घरी गेलेला नव्हता. अर्जदार आपल्या हक्काबाबत निष्काळजी राहिल्या व त्याचे खापर त्या विद्यापीठावर फोडत आहेत.

मी मसुदा घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. म्हटलं, ‘साहेब, आपण गेलो होतो ना?’

‘शासकीय कामानिमित्त नव्हतो गेलो,’ ते म्हणाले. ‘वाक्य नीट वाचा.’

‘गाडी विद्यापीठाची होती.’

‘मॅडम, तुम्ही तेव्हा आत बायकांत होतात. बाहेर काय बोलणं झालं ते तुम्हाला काय ऐकू येणार?’

‘मी दारातच होते साहेब. आणि तुम्ही आत बघून बोललात, बाहेर नाही.’

 मग त्यांनी मला जवळची खुर्ची दाखवली आणि आवाज खाली आणला. त्यांचं म्हणणं असं की मी ते वाईट हेतूनं बोललो का? त्या घरात त्या वेळी दुसरं काय बोलणार होतो? अर्ज आजच द्या म्हटलं असतं तर त्या बायकांनी तिला फाडून खाल्लं असतं. मी तिची लाज राखली. आणि आता मी लिहून दिलं की होय, विधी अधिकाऱ्यानं मुदत चुकवायला सांगितलं, तर माझी चौकशी लागेल. निवृत्तीला थोडे दिवस राहिलेत माझे. एका चांगल्या शब्दाची एवढी शिक्षा?

खरं सांगते, त्यातलं पहिलं अर्धं मला पटलं. तेरवीच्या घरात ते बोलले ते चांगुलपणानंच बोलले. पण गाडीत बसल्यावर? दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्यावर? वर्षभरात एक फोन करायला काय झालं होतं? ज्या माणसानं आमची एकही मुदत चुकू दिली नाही, त्याच्या बायकोची मुदत आमच्या डोळ्यांदेखत संपत होती आणि साहेब रोज आपल्या टेबलावर बसून दुसऱ्यांच्या मुदती मोजत होते. विसरले, असं म्हणाले असते तरी मी समजून घेतलं असतं. माणूस विसरतो. पण विसरले स्वतः आणि निष्काळजी ठरवली ती! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

मी म्हटलं, हे मी टाइप करणार नाही. हे मी मोठ्यानं म्हटलं, बाजूच्या खोलीतल्या लोकांनी माना वळवल्या. साहेबांनी मसुदा माझ्या हातातून काढून घेतला आणि सहकाऱ्यांच्या टेबलावर ठेवला. सहकाऱ्यांनी चष्मा लावला आणि टाइप करायला घेतलं. तेही त्या गाडीत होते. त्यांनी त्या घरची बुंदी दोनदा मागून खाल्ली होती.

सुनावणीच्या दिवशी मला फायली द्यायला आत बसवलं होतं. समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, स्वभावानं शांत, कमी बोलणारे. ती एकटीच आली होती. वकील नव्हता, दीर नव्हता. अध्यक्षांनी तिला बसायला सांगितलं तरी ती उभीच राहिली. साहेबांनी उत्तर वाचून दाखवलं. शुद्ध, खणखणीत मराठीत. निष्काळजी हा शब्द आला तेव्हा तिनं त्यांच्याकडं पाहिलं, पण साहेबांची नजर कागदावरून हलली नाही.

अध्यक्ष तिला समजावणीच्या सुरात म्हणाले, ‘बाई, तुमच्याबद्दल सहानुभूती आहे. पण कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही.’

ती म्हणाली, ‘हाव साहेब, मले नव्हता मालूम. पण ज्याले मालूम होता त्यालेच म्या इचारलं ना.’

 साहेबांनी रुमाल काढून मान पुसली. अध्यक्षांनी त्यांना विचारलं, तुम्ही गेला होता का यांच्या घरी? साहेब म्हणाले, व्यक्तिगत नात्यानं, सांत्वनासाठी गेलो असेन, नक्की आठवत नाही. सहकाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, मी पंगतीत होतो, बोलणं ऐकलं नाही.

मग मला राहवलं नाही. मला कुणी विचारलं नव्हतं, फायली देण्यापलीकडं मला तिथं तोंड उघडायचं काही कारण नव्हतं. मी उभी राहिले आणि म्हटलं, ‘सर, मी होते. साहेब दारात उभे राहून म्हणाले, वरीस होऊ द्या, मंग हापिसात या. माझ्यासमोर म्हणाले.’

‘तुम्ही विद्यापीठाच्या कर्मचारी ना?’ अध्यक्षांनी विचारलं.

‘हो सर. विद्यापीठाच्याच गाडीतून गेले होते.’ माझा आवाज थरथरत होता, तो रागानं. घाबरले होते म्हणून थरथरला असं नंतर सहकाऱ्यांनी सगळ्यांना सांगितलं, ते खोटं आहे.

अध्यक्षांनी चहाची सुट्टी दिली आणि साहेबांना आपल्या दालनात बोलावलं. मला वाटलं, झालं, आता सत्य जिंकलं. बाहेर बाकावर बसलेल्या तिला मी म्हटलंसुद्धा, आता काळजी करू नका. मी किती भोळी आहे ते मला त्या दिवशी कळलं.

साहेब बाहेर आले ते अगदी मोकळ्या चेहऱ्यानं. मार्ग निघाला म्हणाले. विलंब माफ करायला अध्यक्ष तयार होते, नेमणुकीची शिफारसही करणार होते. अट एकच. तिनं एक निवेदन द्यायचं. ते सहकाऱ्यांनी झटपट टाइप करून आणलं. पतीनिधनाच्या दुःखात व कायद्याच्या अज्ञानामुळे माझ्याकडून निष्काळजीपणे विलंब झाला. विद्यापीठाच्या कोणत्याही अधिकाऱ्याने मला कोणतेही आश्वासन दिलेले नव्हते. अर्जातील तसे कथन गैरसमजातून झाले असून मी ते मागे घेते.

म्हणजे नोकरी देतो, पण खोटं तू बोल. चूक आमची, कबुली तुझी. मी तिचा हात धरला आणि तिला व्हरांड्याच्या टोकाला नेलं.

‘सही करू नका,’ मी म्हटलं. ‘मी लिहून देते काय झालं ते. नागपूरला जाऊ. तुम्ही जिंकाल.’

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. ‘किती दिवस लागतीन ताई?’

 कोर्टातल्या तारखा पुढं ढकलण्याचे अर्ज मीच टाइप करते. वकील आजारी आहेत, अभिप्राय अप्राप्त आहेत, सक्षम अधिकारी दौऱ्यावर आहेत. एखाद्या बाईचा जीव मेटाकुटीला येईपर्यंत प्रकरण कसं लांबवायचं ते आमच्या कक्षाइतकं कुणाला जमत नाही. मी म्हटलं, ‘लागतील थोडे. पण खरं बाहेर येईल.’

‘खरं कोणाले मालूम नाई?’ ती म्हणाली. ‘मले मालूम हाये. साहेबाले मालूम हाये. तुमी तं आत भरल्या खोलीत सांगतलं. आता ते कागदावर नाई आलं तं माह्या पोरीची शाळा सुटते का? नाई ना? पण सही नाई केली तं सुटते.’

‘तुम्हाला राग नाही येत?’

‘येते ना,’ ती म्हणाली. ‘लय येते. पण तुमचा पगार चालू हाये ताई, तुमाले परवडते.’

 मला तिचाही राग आला, हे लपवत नाही. मग स्वतःचा आला. मग पुन्हा साहेबांचा आला आणि तिथंच थांबला. ती आत गेली. तिनं निवेदन पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं, कुठंही थांबली नाही, आणि पेन मागितला. सहकारी खिसे चाचपत होते. मी माझा दिला.

तिची सही दहावी झालेल्या मुलीची असते तशी, पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं. साहेबांनी कागद घेतला, फुंकर मारली, फाइलला लावला. त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं समाधान होतं; एका विधवेचं काम करून दिल्याचं. त्यांना तसं मनापासून वाटत होतं, आणि आजही ते लोकांना तसंच सांगतात, की त्या बाईला आपण नोकरीत चिकटवलं.

ती उठली तेव्हा साहेब पुन्हा त्या तेरवीच्या दिवशीसारखे हात जोडून घरच्यासारखे बोलले. ‘वहिनी, ऑर्डर निघाली का लगेच रुजू व्हा बरं. त्याले बी मुदत असते. घरच्यायले इचारत नका बसू.’

ती दारात थांबली. ‘नाई साहेब,’ ती म्हणाली, ‘आता म्या कोणालेच इचारत नाई.’ आणि पदर सारखा करून जिना उतरायला लागली.